क्रिकेटपासून पॉडकास्टपर्यंत : अमित वर्मा यांची न आखलेली वाट

आपल्या समाजात कोजागिरी असो, हळदीकुंकू असो की कुणाच्या नातवाची मुंज, एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "मुलगा सेट झाला का?" सेट होणं म्हणजे एक नोकरी, एक शहर आणि जमलं तर पेन्शन. आमच्या बुऱ्हाणपुरात आधीच्या दोन पिढ्यांसाठी याचं उत्तर ठरलेलं होतं. रेल्वे, ताप्ती मिल, नेपानगरची कागद गिरणी, बँक, नाहीतर शाळा. आमच्या पिढीत त्या यादीत इंजिनिअरिंगची भर पडली. मी त्याच भरतीतला एक. बी. ई. झालो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि आता लालबागेत घरूनच काम करतो. (लालबाग म्हणजे मुंबईच्या राजाचं नव्हे बरं का, बुऱ्हाणपूर स्टेशन ज्या भागात आहे ते.)

गेल्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रातही 'सेट' या शब्दाचा भरवसा राहिलेला नाही. कंपन्या माणसं कमी करतात, जुनं तंत्र दोन वर्षांत मोडीत निघतं, आणि निम्मं कोड आता मशीनच लिहिते. अशा वेळी ज्यांची वाट अजिबात 'सेट' नव्हती अशा एका माणसाविषयी लिहावंसं वाटलं. ते आहेत अमित वर्मा : ऑनलाइन पत्रकार, कादंबरीकार आणि आज देशातल्या नावाजलेल्या इंग्रजी पॉडकास्टपैकी एकाचे सूत्रसंचालक. पॉडकास्ट ऐकणाऱ्या तरुण मुलांना हे नाव माहीत असेल. त्यांच्या आईवडिलांना बहुधा नसेल, आणि हा लेख खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

पुणे, टीव्ही आणि क्रिकेट

वर्मा मराठी नाहीत, पण त्यांचं कॉलेज आपल्या ओळखीचं आहे : पुण्याचं फर्ग्युसन. शिक्षण इंग्रजी साहित्याचं. वडील सनदी अधिकारी आणि घरात हजारो पुस्तकं. वर्मा आपल्या कार्यक्रमात याचा उल्लेख वारंवार करतात. या पुस्तकांकडे आपण पुढे परत येऊ.

शिक्षणानंतर ते टीव्हीच्या क्षेत्रात गेले. चॅनल व्ही आणि एमटीव्ही ही नव्वदच्या दशकातल्या तरुणांची मोठी स्वप्नं होती, तिथे त्यांनी काम केलं. पुढे ते क्रिकेटच्या पत्रकारितेत आले, तेही छापील नव्हे तर ऑनलाइन. क्रिकइन्फो हे संकेतस्थळ १९९३ साली हौशी क्रिकेटवेड्यांनी सुरू केलं होतं. परदेशात शिकणाऱ्या मुलांना स्कोअर कळत नसे म्हणून कुणीतरी तो टाइप करून पाठवायचा, अशी त्याची सुरुवात. दहाएक वर्षांत ते जगातलं क्रिकेटचं सर्वांत मोठं ठिकाण झालं. वर्मा त्याच्या भारतातल्या कामाचे व्यवस्थापकीय संपादक होते.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही आईवडिलांना आवडेल अशी आहे. मोठं नाव, चांगलं पद, वर क्रिकेट. म्हणजे मुलगा सेट! पण त्यांची खरी वाट याच्या पुढे सुरू होते.

रोज पाच नोंदी

डिसेंबर २००४ मध्ये वर्मा यांनी 'इंडिया अनकट' नावाचा स्वतःचा ब्लॉग सुरू केला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला त्सुनामी आली. ते तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेले आणि जे दिसेल ते तिथूनच लिहू लागले. वर्तमानपत्राचा बातमीदार दिवसभर फिरून संध्याकाळी एक बातमी पाठवतो. इथे एक माणूस गावोगाव जात होता आणि मिळेल तिथून, मिळेल तेवढं लगेच लोकांसमोर ठेवत होता. आज मोबाइलमुळे याचं काही वाटत नाही. त्या काळी आपल्याकडे बहुतेक लोक सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसत, हे आठवून पाहा.

नंतरची काही वर्षं त्यांनी रोज सरासरी पाचेक नोंदी लिहिल्या. एकूण आकडा सुमारे ८,००० वर गेला. त्यांतल्या कित्येक दोन ओळींच्या, कित्येक निव्वळ गमतीच्या असतील. पण ८,००० वेळा बसून, विचार करून, वाचणाऱ्याला कळेल असं काही लिहायचं, हा केवढा रियाज! गाण्यात आपण हे लगेच मान्य करतो. पहाटे उठून खर्ज लावणारा मुलगा मैफलीत बसण्याआधी किती वर्षं घासतो, हे आपल्या घरांत माहीत आहे. लिहिण्याच्या बाबतीत मात्र 'प्रतिभा असते किंवा नसते' असं म्हणून आपण मोकळे होतो. वर्मा आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात ते नेमकं याच्या उलट आहे : आधी भरपूर करा, मग चांगलं होईल.

या रियाजाचं फळ दिसायला वेळ लागला नाही. 'मिंट' या दैनिकात त्यांना स्तंभ मिळाला आणि २००७ साली पत्रकारितेचा आंतरराष्ट्रीय बास्तिया पुरस्कारही. हाच पुरस्कार त्यांना २०१५ मध्ये पुन्हा मिळाला. २००९ साली 'बिझनेसवीक'ने भारतातल्या पन्नास प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचं नाव घातलं. घरात बसून विनामूल्य लिहिणाऱ्या माणसाचं नाव उद्योगपती आणि मंत्र्यांच्या रांगेत!

बातमीत न मावणारी गोष्ट

पत्रकाराने कथा-कादंबरीकडे वळणं आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० मध्ये काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याच्याच अंकांतून क्रमशः छापली. अरुण साधूंनी बातमीदारी करताना पाहिलेलं राजकारण 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांत उतरवलं. त्यांवरून १९७९ मध्ये जब्बार पटेल यांनी केलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आपल्या मध्य प्रदेशाचं उदाहरण तर फारच जवळचं आहे. दमोह जिल्ह्यात जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, आणि त्यातच १९०१ मध्ये आलेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही अनेक अभ्यासकांच्या मते हिंदीतली पहिली लघुकथा. लोकमान्यांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं तेही याच सप्रे यांनी.

हे सगळे बातमी सोडून गोष्टीकडे का गेले असतील? बातमीत घटना मावते, पण माणूस पूर्ण मावत नाही. वर्मा यांची 'माय फ्रेंड सँचो' ही कादंबरी याच फटीत उभी आहे. ती २००९ मध्ये प्रकाशित झाली. त्याआधी, हस्तलिखित असतानाच, ती २००८ च्या मॅन एशियन साहित्य पुरस्काराच्या लांब यादीत आली होती. तिचा नायक अबीर गांगुली हा मुंबईतल्या एका सायंदैनिकाचा तेवीस वर्षांचा गुन्हे-बातमीदार. पोलिसांच्या चकमकीत एक माणूस मरतो आणि त्या माणसावर लेख लिहायचं काम अबीरकडे येतं. त्यासाठी तो मृताच्या मुलीला, मुनीझाला भेटतो आणि हळूहळू तिच्यात गुंततो. 'चकमकीत एक ठार' ही बातमी चार ओळींची, पण त्या चार ओळींमागे एक घर आहे आणि घरात वाट पाहणारी एक मुलगी. कादंबरी त्या घरात शिरते. भाषा हलकीफुलकी आहे, नायक वात्रट आहे, आणि वाचता वाचता आपण हसणं कधी थांबवलं ते कळत नाही.

पत्त्यांचं टेबल

यशस्वी कादंबरीनंतर लेखकाने दुसरी कादंबरी लिहावी, अशी आपली अपेक्षा असते. वर्मा यांनी काय केलं? काही वर्षं व्यावसायिक पोकर खेळले! आपल्या घरांत पत्ते म्हणजे मे महिन्यातला मेंढीकोट. पैसे लावून खेळणं म्हटलं की आजीच्या कपाळावर आठी पडणारच, आणि ती योग्यच आहे. मोबाइलवरच्या अशा खेळांनी कित्येक घरांची वाट लागलेली आपण पाहतो. स्वतः वर्माही त्यातून बाहेर पडले.

पण तिथून त्यांनी जे सोबत आणलं ते महत्त्वाचं आहे. 'इकॉनॉमिक टाइम्स'मध्ये त्यांनी पोकरवर स्तंभ लिहिला, त्याचा रोख हाच होता. चांगला निर्णय घेऊनही माणूस हरू शकतो, आणि वाईट निर्णय घेऊनही जिंकू शकतो. एका डावावरून काहीच सिद्ध होत नाही. हजारो डाव खेळल्यावरच नशीब आणि कौशल्य वेगळं दिसू लागतं. मला हे चटकन पटलं, कारण आमच्या कामातही प्रोग्राम एकदा चालला म्हणजे बरोबर आहे असं कुणी मानत नाही. तो वेगवेगळ्या परिस्थितींत पुन्हा पुन्हा चालवून बघावा लागतो. मुलांच्या करिअरबाबत मात्र आपण एकाच डावावर निकाल लावतो. शेजारच्याचा मुलगा कॉम्प्युटरला गेला आणि अमेरिकेला पोहोचला, म्हणून सगळ्यांनी कॉम्प्युटर घ्यायचं.

वीस मिनिटांचे पाच तास झाले

जानेवारी २०१७ मध्ये वर्मा यांनी 'द सीन अँड द अनसीन' हा पॉडकास्ट सुरू केला. सुरुवातीचे भाग साधारण वीस मिनिटांचे होते. हळूहळू ते तासाचे झाले, मग तीन तासांचे. आता पाच तासांची मुलाखतही नवलाची राहिलेली नाही. लोकांना तीस सेकंदांपलीकडे काही बघवत नाही असं सगळे म्हणत असताना हा माणूस उलट दिशेने चालत गेला, आणि श्रोते त्याच्यामागे गेले.

हे कसं शक्य झालं? याचं एक कारण तांत्रिक आहे. आमच्या जिल्ह्यातल्या नेपानगरला देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला मोठा कारखाना आहे. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कागद मोजून मिळतो, म्हणून वर्तमानपत्रातला लेख शब्दांत मोजला जातो. रेडिओवर वेळ मोजून मिळते, म्हणून तिथली मुलाखत मिनिटांत मोजली जाते. पॉडकास्टला असं कुठलंच माप नाही. आवाजाची फाइल एका सर्व्हरवर ठेवलेली असते. तिची माहिती एका साध्या यादीत असते, तिला आरएसएस फीड म्हणतात. तुमच्या मोबाइलमधलं अ‍ॅप ती यादी वाचतं आणि नवा भाग आला की तुम्हाला दाखवतं. मधे संपादक नाही, वितरक नाही, कागदाचं बिल नाही. वीस मिनिटं आणि पाच तास यांच्या खर्चात किरकोळ फरक पडतो. 'पॉडकास्ट' हा शब्दही नवाच आहे, २००४ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने तो पहिल्यांदा वापरला.

दुसरं कारण ऐकणाऱ्याच्या बाजूचं आहे. ऐकताना हात मोकळे असतात. भाजी निवडताना, इस्त्री करताना, सकाळी फिरताना, बुऱ्हाणपूरहून भुसावळला रेल्वेने जाताना ऐकता येतं. पाच तास एका बैठकीत ऐकायचे नसतातच, ते आठवडाभर पुरवून ऐकायचे असतात.

आणि तिसरं, खरं कारण म्हणजे प्रश्न विचारायची पद्धत. वर्मा पाहुण्यांना आधी त्यांच्या बालपणाविषयी विचारतात. घर कसं होतं, काय वाचत होतात, कशाची लाज वाटायची, कुणी वाट दाखवली. शांता गोखले यांच्यावरचा भाग मी सगळ्यांना ऐकायला सांगतो. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आयुष्यभर काम केलेली ही लेखिका तिथे निवांत बोलते, आणि आपण जणू तिच्या ओसरीवर बसलेलो असतो. चिन्मय तुंबे यांच्याशी भारतातल्या स्थलांतराविषयी झालेल्या गप्पाही तशाच. कुणी पोटासाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी सैन्याबरोबर आपापली गावं सोडली, म्हणून तर आपण मराठी माणसं नर्मदा-तापीच्या या पट्ट्यात आहोत. तो भाग ऐकताना मला आपल्याच मंडळींची सभासद यादी आठवत होती.

कुंडी भंडारा आणि फुटलेली काच

कार्यक्रमाचं नाव बास्तिया या फ्रेंच विचारवंताच्या १८५० मधल्या निबंधावरून घेतलं आहे. त्यातलं उदाहरण सोपं आहे. पोराने दुकानाची काच फोडली. लोक म्हणतात, चला, काचवाल्याला काम मिळालं, बाजारात पैसा फिरला. हे झालं दिसणारं. पण त्याच पैशात दुकानदार नवे जोडे घेणार होता, ते आता तो घेऊ शकत नाही. चांभाराचं बुडालेलं काम कुणालाच दिसत नाही.

आम्हा लालबागवाल्यांना ही कल्पना समजायला निबंधाची गरज नाही. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात तबकुतुल अर्ज या फारसी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा केलं आणि नुसत्या उताराच्या जोरावर ते शहरापर्यंत नेलं. वरून चालताना आपल्याला फक्त ओळीने विहिरीसारख्या कुंड्या दिसतात, शंभरच्या आसपास. पाहुण्यांना वाटतं, एवढ्या जवळजवळ इतक्या विहिरी कशाला? खाली उतरलं की कळतं, त्या वेगवेगळ्या विहिरी नाहीतच. एकच पाणी खालून वाहतं आहे.

वर्मा यांच्या कामाकडे मी असं बघतो. टीव्ही, क्रिकेट, ब्लॉग, कादंबरी, पत्ते, पॉडकास्ट या वरून दिसणाऱ्या कुंड्या. 'धरसोड वृत्तीचा मुलगा' असा शिक्का मारायला त्या पुरेशा आहेत. खालून मात्र वीस-पंचवीस वर्षं एकच गोष्ट चालली आहे : वाचायचं, विचार करायचा आणि तो लोकांसमोर स्वच्छ मांडायचा.

आता न दिसणारी बाजू

पण हाच नियम या यशोगाथेलाही लावला पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. आपल्याला एक अमित वर्मा दिसतात. त्याच वर्षांत ब्लॉग सुरू करून थांबलेले, नोकरी सोडून कादंबरी लिहिलेले आणि प्रकाशक न मिळालेले शेकडो लोक दिसत नाहीत. त्यांच्यातही मेहनती माणसं होती. दुसरं म्हणजे ती सुरुवातीची पुस्तकं. इंग्रजी घरातच होतं, वडिलांची नोकरी भक्कम होती, पडलो तर सांभाळणारं कुणीतरी होतं. वर्मा स्वतः हे मान्य करतात, आणि म्हणूनच त्यांचं उदाहरण प्रामाणिकपणे वापरता येतं.

पैशाचाही हिशेब पाहा. पॉडकास्ट ऐकायला फुकट आहे. ज्यांना वाटेल त्यांनी हवे तेवढे पैसे द्यावेत, असं वर्मा श्रोत्यांना सांगतात. २०२० पासून ते स्पष्ट लेखनाचा ऑनलाइन वर्ग घेतात. त्याची फी १०,००० रुपये आणि वर जीएसटी. लोक आनंदाने देतात, कारण शिकवणाऱ्याचे ८,००० नोंदींचे आणि शेकडो मुलाखतींचे पुरावे समोर आहेत. म्हणजे कमाई आली ती आधी वर्षानुवर्षं विनामूल्य केलेल्या कामावर. ही वर्षं ज्या घराला परवडत नाहीत, तिथल्या मुलाने काय करायचं?

हा प्रश्न माझ्यासाठी हवेतला नाही. माझ्या आतेबहिणीच्या मुलीला पत्रकारिता करायची आहे. वडिलांचे लूम आहेत, धंदा मंद आहे, त्यांना वाटतं तिने बी. एड. करून शाळेत लागावं. दोघांनीही मला वेगवेगळं गाठून विचारलं : तू तर बाहेर राहून आलास, तूच सांग. मी दोघांनाही एकच सांगितलं. ताई आणि दाजींना म्हटलं, बी. एड. होऊ द्या, पण रोजचे दोन तास तिचे, त्यात कुणी भांडी-पाहुणे आणायचे नाहीत. तिला म्हटलं, नोकरी सोडायचा विचार आज नको. आधी शंभर गोष्टी लिही किंवा रेकॉर्ड कर. ताप्ती मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे आजोबा अजून गल्लीत आहेत, त्यांच्यापासून सुरुवात कर. केळीवाले, लूमवाले, दराबा घोटणारे हलवाई, सगळे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. मराठी, हिंदी आणि निमाडी या तिन्ही भाषा तुझ्या तोंडात आहेत, हे भांडवल मुंबईच्या मुलांकडे नाही. शंभर झाल्यावर आपण पुन्हा बसू.

सध्या तिच्या अकरा झाल्या आहेत. आवाजात मागे कुकरची शिट्टी येते, प्रश्न जरा भराभर विचारते, पण आजोबा तिच्यासमोर जे बोलले ते त्यांच्या मुलांनीही कधी ऐकलं नव्हतं. दाजी अजून बी. एड.वर ठाम आहेत. मात्र परवा त्यांनीच एका जुन्या कारागिराचं नाव सुचवलं, असं तिने मला सांगितलं.

आपल्या समाजात अशी मुलं-मुली प्रत्येक शहरात असतील. इंदूर, खंडवा, उज्जैन, जबलपूर, भोपाळ इथल्या आईबाबांना माझी एवढीच विनंती आहे, की 'सेट झाला का' याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारत जा : "सध्या रोज काय करतोस?" आणि मुलांनो, या प्रश्नाचं खरं उत्तर तयार ठेवा. सुरुवात म्हणून शांता गोखले यांचा तो भाग आईबाबांबरोबर बसून ऐका. एका दमात संपणार नाही. आठवडाभर पुरवा, आणि कसा वाटला ते आपल्या मासिकाला जरूर कळवा.